‘लो ऑन मेमरी’ रोज येतंय? रॅम घेण्याआधी पेज फाइल बघा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या मशीनवर वरचेवर होत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- काम चालू असताना मध्येच खिडकी उघडते, ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’, आणि उघडे प्रोग्रॅम बंद करायला सांगते.
- क्रोमचे टॅब एकेक करून कोसळतात. पांढऱ्या पानावर ‘आउट ऑफ मेमरी’ एवढंच.
- कोरल, फोटोशॉप किंवा ऑटोकॅड नेमकं सेव्ह करताना बंद पडतं. कधी मेसेज येतो, कधी तोही नाही.
- माउस हलतो, बाकी सगळं थिजलेलं. हार्ड डिस्कचा दिवा विझतच नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के.
- मशीन सुरू केल्या केल्या मेसेज येतो की विंडोजने तात्पुरती पेजिंग फाइल तयार केली आहे. ओके दाबलं की व्हर्च्युअल मेमरीची खिडकी समोर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधली जॉबवर्कची ऑफिसं, सिडकोतले अकाउंटवाले, शहरभरचे फ्लेक्सवाले आणि द्राक्षांच्या सीझनमध्ये दिंडोरी-पिंपळगावकडची पॅकहाउसं, अशा ठिकाणची मशिनं मी सांभाळतो. हा बिघाड सगळीकडे भेटतो आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा ‘रॅम वाढवून द्या’ असं ठरवूनच फोन करतं. रॅम खरंच कमी असलेली मशिनं असतात, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वेळा असं निघतं की कोणीतरी व्हिडिओ बघून पेज फाइल बंद केलेली आहे, किंवा तिला एक आकडा बांधून दिलाय, किंवा सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलाय.

पेज फाइल म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेली जागा. रॅममधला, सध्या हात न लागणारा मजकूर विंडोज तिथे नेऊन ठेवते. लिनक्समध्ये हेच काम स्वॅप करतं. पण फक्त ‘रॅम भरली की डिस्क वापरायची’ एवढंच तिचं काम नाही आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. फ्लेक्सवाल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, “भाऊ, आठ जीबी रॅम आहे, दोन-अडीच जीबी रिकामी दिसतेय, तरी मेमरी नाही म्हणतं. असं कसं?”

असं होतं, कारण प्रोग्रॅम मेमरी वापरतो नंतर, आधी मागून ठेवतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. फरक एवढाच की विंडोज प्रत्येक रुमालाला जागेची हमी देते. हमी देण्याइतक्या जागा संपल्या की नवा रुमाल ती घेतच नाही, मग निम्मी सीटं रिकामी का दिसेनात. हमीच्या या एकूण मर्यादेला कमिट लिमिट म्हणतात आणि ती म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. पेज फाइल बंद केलीत तर मर्यादा रॅमएवढीच, किंबहुना किंचित कमी उरते. रॅम मोकळी दिसत असताना ‘लो ऑन मेमरी’ येतं ते यामुळे.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, हात काळे करायच्या नंतर.

१. रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे.

हसू नका. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा), परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली ‘अपटाइम’ बघा. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्यांच्या इथेही हा आकडा कित्येक दिवसांचा निघतो. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा बंद होत नाही, डिस्कवर उतरवून झोपवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो. एखाद्या ड्रायव्हरने (प्रिंटर, नेटवर्क अशा भागांशी विंडोजची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) मेमरी धरून ठेवली असेल तर तीही तशीच परत येते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

रीस्टार्टनंतर दोन-चार दिवस बरे गेले आणि मग त्रास परत आला, तर मेमरी गळतेय, म्हणजे कोणीतरी घेतलेली मेमरी परत सोडत नाही, असं समजा आणि पाचव्या तपासणीकडे जास्त लक्ष द्या. रीस्टार्टनंतर अर्ध्या तासात परत आला, तर मर्यादाच तोकडी आहे.

२. ‘कमिटेड’चा आकडा

टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. वरचा आलेख सगळे बघतात. तुम्ही खाली बघा. तिथे ‘कमिटेड’ नावाखाली ७.४/७.९ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे आतापर्यंत दिलेली हमी, दुसरा म्हणजे मर्यादा.

मशीनमध्ये ८ जीबी रॅम आणि मर्यादाही ८च्या आत, म्हणजे पेज फाइल बंद आहे. दुखणं सापडलं, चौथ्या तपासणीवर जा. मर्यादा १६-२० जीबी आहे आणि पहिला आकडा तिला टेकलाय, तर कोणीतरी बेसुमार मेमरी मागतंय. आणि पहिला आकडा मर्यादेपासून लांब असूनही मशीन थिजत असेल, तर संशय संथ किंवा मरू घातलेल्या डिस्कवर.

हा आकडा सकाळी एकदा आणि कामाच्या ऐन गर्दीत एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कोणाला बोलवायची वेळ आली तर या दोन फोटोंनी त्याचा अर्धा तास वाचतो.

३. सी ड्राइव्हवर किती जागा उरलीय?

पेज फाइल विंडोजच्या ताब्यात असली की ती गरजेप्रमाणे फुगते. पण फुगायला जागा लागते. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर बाकी सेटिंगशी खेळून उपयोग नाही. किमान २० जीबी मोकळे असल्याशिवाय मी पुढे जातच नाही.

जागा कशी काढायची? सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं तर ते एकटंच बरीच जागा देऊन जातं. काढल्यावर मागच्या विंडोजवर परतता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरवर टिक असेल तर आधी काढा. लोकांची बिलं, आधारच्या झेरॉक्स, जीएसटीची चलनं, सगळं तिथेच पडलेलं असतं. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओही बघा.

हायबरनेट वापरत नसाल तर त्याची फाइल काढता येते. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबीच्या मशीनवर सहा-साडेसहा जीबी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि लिहायचं: पॉवरसीएफजी, मग जागा, स्लॅश एच, जागा, ऑफ. यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं. ज्यांच्याकडे अपटाइमचा गोंधळ असतो त्यांच्याकडे मी हे मुद्दाम करतो.

४. पेज फाइलची सेटिंग

स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा. ॲडव्हान्स्ड टॅबवर परफॉर्मन्सचं सेटिंग्ज बटण, तिथे पुन्हा ॲडव्हान्स्ड टॅब आणि खाली व्हर्च्युअल मेमरीसमोर ‘चेंज’. सगळ्यात वरती एक टिक आहे, ‘ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइझ फॉर ऑल ड्राइव्ह्ज’. ती नसेल तर लावा, ओके करा, रीस्टार्ट करा. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात आणि घरी बसून कोणालाही करता येण्यासारखं हे काम आहे.

टिक काढून आकडे भरायचा मोह का होतो, तर दोन समजुती पक्क्या बसल्यात. पहिली, ‘पेज फाइल रॅमच्या दीडपट हवी’. रॅम फार तोकडी असायची त्या काळातला हा हिशोब. आज १६ जीबीच्या मशीनला दीडपट म्हणजे २४ जीबी, आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) असते २४० जीबीची; बहुतेकांना एवढी लागतच नाही. दुसरी समजूत, ‘पेज फाइलने एसएसडी झिजते, म्हणून बंद करा’. विंडोज ७ आली त्या वर्षी, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या इंजिनियरांनी लोकांच्या मशिनांवरून गोळा झालेली माहिती मांडली होती: पेज फाइलमधून वाचन होतं ते लिहिण्याच्या सुमारे ४० पट. वाचन छोट्या छोट्या तुकड्यांत, लिहिणं मोठ्या गठ्ठ्यांत. एसएसडीला हेच काम सगळ्यात सोपं जातं. पेज फाइल एसएसडीवरून काढून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर टाकणारे लोक एसएसडी वाचवत नाहीत, स्वतःचा दिवस घालवतात.

विंडोजच्या हिशोबालाही एक मर्यादा आहे आणि ती फार कोणी सांगत नाही. स्वतःहून सांभाळताना विंडोज पेज फाइल रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातलं जे मोठं तिथपर्यंत वाढवते. पण त्या ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या एक अष्टमांशावर नेत नाही. दुकानातून मशीन येतं तेव्हा बरेचदा सी ला १०० जीबी आणि उरलेलं सगळं डी ला असतं. १०० चा आठवा भाग साडेबारा जीबी. ८ जीबी रॅम धरून मर्यादा विसाच्या आसपास. अकाउंट, ब्राउझर, पत्रव्यवहार यांना ती पुरून उरते. मोठे फ्लेक्स किंवा थ्रीडी मॉडेलं करणाऱ्याला नाही पुरत.

अशा वेळी आकडा द्यायचा, पण मोजून. कामाच्या ऐन गर्दीतला कमिटेडचा पहिला आकडा घ्या, त्यातून रॅम वजा करा. समजा १८ जीबी आले आणि रॅम ८, तर किमान १० जीबीची पेज फाइल हवी. थोडा हात राखून इनिशियल १२२८८ आणि मॅक्सिमम १६३८४ भरा. हे एमबीतले आकडे आहेत, एका जीबीला १०२४. पंधरा जीबी हवेत म्हणून नुसतं ‘१५’ लिहिलेलंही पाहिलंय.

आकडा भरला की ‘सेट’ बटण दाबायचं. मग ओके. सेट न दाबता थेट ओके केलं तर खिडकी निमूट बंद होते आणि काहीही बदललेलं नसतं. ‘मी दहादा केलं, राहतच नाही’ अशी तक्रार असली की मी पहिल्यांदा त्यांना माझ्यासमोर करायला सांगतो आणि बोट कुठे जातं ते बघतो.

पेज फाइल सी वर ठेवावी का डी वर? डी ही त्याच डिस्कचा दुसरा भाग असेल तर वेगात काडीचा फरक नाही. वेगळी, खरोखर दुसरी एसएसडी असेल तर तिथे ठेवायला हरकत नाही, पण सी वर थोडी राहू द्या. विंडोज निळ्या पडद्यावर कोसळते तेव्हा कोसळण्याचं कारण लिहून ठेवायला तिला ती लागते. यूएसबीने लावलेल्या डिस्कच्या भानगडीत पडू नका.

आता तात्पुरत्या पेजिंग फाइलचा मेसेज. रोज सकाळी येणाऱ्या या मेसेजचा अर्थ सरळ आहे: जिथे पेज फाइल करायला सांगितलंय तिथे विंडोजला ती करता आली नाही. सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे एसएसडी बसवताना जुनी हार्ड डिस्क काढली किंवा ड्राइव्हचं अक्षर बदललं, आणि सेटिंग मात्र त्या जुन्या डी वरच बोट दाखवतंय. वरची टिक लावून रीस्टार्ट केलं की बहुधा जातं. नाही गेलं तर टिक काढा, प्रत्येक ड्राइव्हवर ‘नो पेजिंग फाइल’ निवडून प्रत्येक वेळी सेट दाबा, रीस्टार्ट करा, मग सी साठी ‘सिस्टिम मॅनेज्ड साइझ’ निवडा, पुन्हा सेट, पुन्हा रीस्टार्ट. जुनी बिघडलेली फाइल यात निघून जाते. त्यानंतरही मेसेज आला तर सेटिंग सोडा, सातवी तपासणी बघा.

जाता जाता एक. मशीन बंद व्हायला एकाएकी खूप वेळ लागत असेल, तर ‘वेग वाढवणाऱ्या’ एखाद्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) बंद होताना पेज फाइल पुसायची सोय चालू केली असण्याची शक्यता आहे. गोपनीय काम करणाऱ्या ठिकाणी तिला अर्थ आहे, तुमच्या-माझ्या ऑफिसात नाही. रॅम बूस्टर नावाची सगळी सॉफ्टवेअरं काढून टाका.

५. मेमरी नेमकं खातंय कोण?

विंडोज हे स्वतः लिहून ठेवते, फक्त कोणी वाचत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि २००४ क्रमांकाची नोंद शोधा. सोर्सच्या रकान्यात ‘रिसोर्स एक्झॉस्शन डिटेक्टर’ असायला हवं. मेमरी संपली त्या क्षणी सर्वात जास्त मेमरी धरून बसलेल्या तीन प्रोग्रॅमांची नावं आकड्यांसकट त्यात असतात. वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी बघा. तेच नाव पुन्हा पुन्हा आलं की चोर तोच.

नोंद नसेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबवर रकान्यांच्या नावांवर उजवी क्लिक करून ‘कमिट साइझ’चा रकाना जोडा. नेहमीचा मेमरीचा रकाना फसवतो, कारण मागून ठेवलेली पण न वापरलेली मेमरी त्यात दिसत नाही. सकाळी बघा, जेवायच्या सुट्टीत बघा. काही न करता आकडा चढत चाललेला प्रोग्रॅम म्हणजे गळती. प्रिंटरसोबत येणारं, कोपऱ्यात बसून शाई मोजणारं सॉफ्टवेअर यात अनेकदा सापडतं. प्रिंटरला त्याची गरज नसते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते कळतं. गळतीवर पेज फाइल वाढवणं हा इलाज नाही. जो मेसेज दुपारी दोनला यायचा तो पाचला येईल, एवढंच.

डिटेल्समध्ये कोणीच मोठं दिसत नाही आणि कमिटेड तरी चढतंय? मग मेमरीच्या पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ बघा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याने आणि ड्रायव्हरांनी धरलेली, पेज फाइलमध्ये न जाणारी मेमरी. तो काहीशे एमबीत असतो. तिथे दोन-तीन जीबी दिसले तर एखादा ड्रायव्हर गळतोय, बऱ्याचदा नेटवर्कचा किंवा अँटिव्हायरसचा. लॅन-वायफायचे ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवे टाकून बघा. तेवढ्याने गेलं नाही तर इथून पुढे जाणकाराचं काम.

आता डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांसाठी थोडं सविस्तर, कारण सिंहस्थाची कामं, गणपती, नवरात्र, निवडणुका, या दिवसांत सगळ्यात जास्त फोन तुमचेच येतात.

फोटोशॉप जेव्हा ‘स्क्रॅच डिस्क फुल’ म्हणतं तेव्हा पेज फाइलचा संबंध नसतो. फोटोशॉप स्वतःची वेगळी कामचलाऊ फाइल डिस्कवर करतं. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क म्हणून जास्त मोकळा ड्राइव्ह द्या. फोटोशॉप कोसळलं की ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या जुन्या फाइली मागे राहतात, प्रोग्रॅम बंद असताना त्या उडवा. आणि त्याच खिडकीत फोटोशॉपला दिलेली मेमरी बघा. ७० टक्के ठीक असते, कोणीतरी ९५ केलेली असते आणि मग बाजूला उघडलेल्या कोरलची बोंब.

खरी मेख मात्र फाइलच्या मापात असते. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला, सीएमवायकेत उघडलात तर ७२,००० गुणिले ३६,००० पिक्सेल होतात. दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एका लेअरलाच जवळपास १० जीबी! असे पाच लेअर ठेवून आठ जीबीचं मशीन चालावं ही अपेक्षा. (शिवाय ती पीएसडीत सेव्हच होत नाही, तिथे ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे.) तोच फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर लेअर ६०० एमबीच्या आत येतो आणि चौकात खालून वर बघणाऱ्याला काडीचाही फरक कळत नाही. छोटी पत्रिका करतानाचा ३०० चा ठोकताळा होर्डिंगला लावू नका. हे सांगितल्यावर रॅमची ऑर्डर रद्द केलेले फ्लेक्सवाले आहेत.

पेजमेकरसारखे जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्यांसाठी: ते ३२ बिटचे आहेत. असा प्रोग्रॅम साधारणपणे २ जीबीपलीकडे मेमरी मागूच शकत नाही, ६४ बिट विंडोजवर तशी तरतूद करून बनवलेला असेल तर ४ जीबी. त्याला ‘आउट ऑफ मेमरी’ येत असेल तर ३२ जीबी रॅम टाका नाहीतर ५० जीबीची पेज फाइल करा, फरक पडणार नाही. फाइलचे तुकडे करणं हाच मार्ग.

६. रॅम आहे तेवढी दिसते का?

पाकिटावर ८ आणि मेमरीच्या पानावर ४, असं चित्र दिसलं तर आधी फुकटची तपासणी. ‘एमएस कॉन्फिग’ उघडा, बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक असेल तर काढा. वेग वाढवायची युक्ती म्हणून ही टिक लावायला सांगणारे लोक आहेत, पण तिने रॅम वाढत नाही, उलट तिच्यावर मर्यादा बसते.

टिक नव्हतीच, तर रॅमची पट्टी सैल असू शकते. डेस्कटॉप असेल तर हे घरी जमतं. वायर बोर्डातून काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मोकळ्या करून पट्टी सरळ वर उचला. तिच्या सोनेरी दातांवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. काळपट थर रबरावर उतरलेला दिसतो. रबराचा चुरा मऊ ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. स्लॉटमधली धूळही काढा. पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, ‘टक्’ आवाज येऊन खिट्ट्या बसल्या पाहिजेत. त्र्यंबक, घोटी, इगतपुरीकडे पावसाळ्यातल्या दमट हवेत हा त्रास जास्त दिसतो.

नंतर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा. त्यात चुका निघाल्या तर पट्टी बदलायची, दुसरी चर्चा नाही.

आणि हो, रॅम पूर्ण दिसतेय, गळती नाही, कामाचा कमिटेड आकडा नेहमीच रॅमच्या दुप्पट जातोय, तर रॅम वाढवा. पेज फाइल मशीन कोसळू देत नाही, पण वेग देत नाही. ‘स्लॉट्स युज्ड’ पुढे दोनपैकी एक असेल तर दुसरी पट्टी टाकणं सगळ्यात सोपं.

७. डिस्क

वरचं सगळं करूनही तात्पुरत्या फाइलचा मेसेज येतो, किंवा मशीन थिजतं, तर डिस्कची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळतं. निळा ‘गुड’ दिसला तर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये, टूल्स टॅबवरून ‘चेक’ चालवा. लाइट वरचेवर जाते आणि यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, अशा ठिकाणी फाइल सिस्टिम बिघडलेली सापडते आणि त्याने दुरुस्त होते. यूपीएसची बॅटरी बदला, नाहीतर महिन्याभराने पुन्हा इथेच.

पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ दिसला तर चेक चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ती तपासणी झेपत नाही. डेटाची दुसरी प्रत नसेल तर शेवटचं ‘कुठे थांबायचं’ आधी वाचा.

उबुंटूवाल्यांसाठी

काही शाळांच्या लॅबमध्ये उबुंटू असतं, म्हणून थोडक्यात. १७.०४ पासून नव्याने टाकलेलं उबुंटू वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल करतं. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ चालवल्यावर स्वॅपच्या ओळीत शून्य दिसलं तर स्वॅप बंद आहे. ‘काल चालू केलं होतं, आज नाही’ याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: स्वॅपॉन ही कमांड स्वॅप फक्त त्या वेळेपुरतं चालू करते, कायमचं हवं तर एफस्टॅबमध्ये (मशीन सुरू होताना वाचली जाणारी डिस्कांची यादी) ओळ लागते. ती ओळ चुकली तर मशीन सुरू होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतं, म्हणून आधी एफस्टॅबची प्रत काढा. स्वॅप फाइलची परवानगी ६०० च हवी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), ती सैल असेल तर स्वॅपॉन कुरकुरतं. फाइलमध्ये ‘होल्स’ आहेत असं म्हणालं तर ती फाइल उडवून डीडी कमांडने नव्याने करा. प्रोग्रॅम एकाएकी नाहीसे होत असतील तर डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी दाखवणारी कमांड) ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, लिनक्सने कुठला प्रोग्रॅम मारला ते नावानिशी सापडतं.

कुठे थांबायचं

डिस्क पिवळी किंवा लाल असेल, किंवा टकटक आवाज करत असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर मशीन ताबडतोब बंद करा. पुन्हा सुरू करून बघू नका. डेटा काढणाऱ्याकडेच न्या.

मशीन कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं असेल तर पेज फाइलला हात लावायच्या आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. खुद्द सर्व्हर असेल, त्यावर टॅलीचा किंवा ईआरपीचा डेटा असेल, तर अजिबात नको. वॉरंटीतला लॅपटॉप उघडू नका. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, ती घरी निघणारच नाही. निळा पडदा वारंवार येत असेल, नॉन-पेज्ड पूल चढत असेल, नवी पट्टी टाकूनही मेमरी डायग्नोस्टिकमध्ये चुका येत असतील, तर दुखणं मदरबोर्डात किंवा ड्रायव्हरात आहे आणि सेटिंगचा खेळ थांबवायला हवा.

माणूस बोलावलात तर त्याला एवढं हातात द्या: मेसेजचा फोटो, कमिटेडचे ते दोन फोटो, २००४ च्या नोंदीतली नावं, आणि गेल्या महिन्यात मशीनमध्ये काय बदललं ते. आणि विंडोज नव्याने टाकू म्हणाला, तर आधी वरचं काय काय बघितलं ते विचारा.